पलीकडच्या खोलीत काय नेऊ?

६ नोव्हेंबर

धाकटे,

पेपरात तुझा फोटो बघितला. पान पाचवं, वरचा अर्धा भाग. हातात चहाचा कप आणि चेहऱ्यावर तोच भाबडा भाव, जो वसतिगृहाच्या बाईंना उशिरा आल्याची कारणं सांगताना असायचा. खाली मथळा, 'निकाल न देणाऱ्या न्यायाधीश'. वाचून आनंद झाला असं लिहिणार होते. पण एकमेकींना खोटं लिहायचं नाही असं आपलं वसतिगृहातच ठरलंय, म्हणून सांगते, नाकाला मिरच्या झोंबल्या. चांगल्या झोंबल्या.

तू माझ्याहून अकरा दिवसांनी लहान आणि शेवटच्या परीक्षेत चौदा गुणांनी मागे. तू जिल्ह्याच्या कोर्टातून निवृत्त झालीस, मी वरच्या. आणि आता पाच महिने आधी वेळ घ्यावी लागते ती तुझी. माझ्याकडे लोक येतात ते करारात 'भांडण झाल्यास लवाद नेमावा' असं छापलेलं असतं म्हणून, नाइलाजानं. निकाल लागला की एक बाजू माझ्याकडे बघत नाही आणि दुसरीला वाटतं अजून मिळायला हवं होतं. तुझ्याकडून जाताना म्हणे दोन्ही बाजू हात जोडतात. निकाल न देता हात जोडून घेणं ही काय भानगड आहे, ते एकदा शिकव.

सध्या माझ्यासमोर शीतगृहाच्या यंत्रांवरून दोन कंपन्या भांडताहेत. तीन तारखा गेल्या. एका वकिलाला खिडकीकडे पाठ नको, दुसऱ्याला एसीखाली नको. यंत्रांपर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही.

एक काम आहे. लेक तुझ्याच गावात. पत्रं येतात, पण हल्ली चार ओळींची. मी बरी, हे बरे, औषधाच्या दुकानात गर्दी. फोन केला तर 'नंतर बोलू'. जावई दातांचे डॉक्टर, ते सगळ्यांशीच गोड बोलतात, त्यावरून काही कळत नाही. जरा तिला बघून ये आणि मला कळव.

तुझी थोरली


१५ नोव्हेंबर

थोरले,

फोटो वाईटच आलाय. कप रिकामा होता, फोटोवाला म्हणाला नुसता धरा.

मध्यस्थी म्हणजे दिवसभर लोकांशी गप्पा मारणं, असं तू दोघी-तिघींना सांगितल्याचं कानावर आलं. म्हणून लिहिते. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, मधे सात पावलांचा बोळ. आधी दोन्ही बाजूंना एकत्र बसवते, मग वेगवेगळं. वेगळं बसलं की माणूस खरं बोलायला लागतो. तो उठायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते, यातलं पलीकडच्या खोलीत काय नेऊ? तो सांगेल तेवढंच नेते. बाकीचं माझ्यापाशी राहतं, आणि सगळं संपलं की टिपणं त्यांच्यासमोर फाडते. कोण आलं होतं हेसुद्धा बाहेर सांगत नाही.

लोक तासभर बोलतात आणि न्यायला एक वाक्य देतात. मागे एका गृहस्थांनी भावाबद्दल दीड तास शिव्या घातल्या आणि शेवटी म्हणाले, 'त्याला एवढंच सांगा की त्याचा स्वेटर अजून माझ्याकडे आहे.' मी तेवढंच घेऊन गेले. पलीकडचा भाऊ म्हणाला, चला, बसू. यात माझी हुशारी काय, मी नुसती हमाल.

लेकीबद्दल तूच लेकीला विचार. मी बघून येणं आणि तुला कळवणं, दोन्ही मला जमणार नाही. रागावू नकोस.

धाकटी


२४ नोव्हेंबर

धाकटे,

रागावू नकोस म्हटलं की मी हमखास रागावते, हे तुला माहीत आहे आणि तरी लिहितेस. साधं काम सांगितलं तर ताकाला तूर लागू देत नाहीस. हमाल म्हणे. पेपरात फोटो छापलेली हमाल मी पहिल्यांदाच बघितली.

आणि 'तूच लेकीला विचार' हे मला शिकवू नकोस. माझी लेक माझ्यापासून काही लपवत नाही. तशी सवयच लावली आहे मी. तुला माशांच्या पेटीचं सांगितलं होतं का? ती आठ वर्षांची होती. शेजारणीच्या घरातली माशांची काचेची पेटी फुटली, सात मासे गेले. शेजारणीची मुलगी म्हणाली हिनं फोडली, ही म्हणाली मी नाही. मी दोघींना जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभं केलं आणि रीतसर दोघींचं ऐकलं. हिचा फ्रॉक पुढून चिंब ओला होता. शेजारच्या मुलीचा कोरडा. मी निकाल दिला, पोटच्या मुलीविरुद्ध. माफीपत्र मी तोंडी सांगितलं, तिनं बसून लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. डोळ्यांतून टिपूस नाही. त्या दिवशी हिच्या बाबांना मी म्हटलं होतं, बघा, पोरीला न्याय कळतो. बारा वर्षं मी वरच्या कोर्टात होते, पण मला सर्वांत अभिमान त्या निकालाचा आहे.

२ डिसेंबरला मी तुझ्या गावात आहे. शीतगृहवाल्यांची तारीख तुझ्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. तू दुसऱ्यावर. दुपारी डबा बरोबर खाऊ.

थोरली


२८ नोव्हेंबर

थोरले,

दोन तारखेला मला सबंध दिवस काम आहे. डबा परत कधीतरी. त्या दिवशी खाली येऊ नकोस, एवढं माझं ऐक.

धाकटी


३ डिसेंबर

धाकटे,

आले होते खाली.

आमची तारीख साडेअकराच्या आत आटोपली. एका बाजूच्या तज्ज्ञाला ताप. म्हटलं, बाई कामात आहेत तर निदान दारावरची पाटी बघून जाऊ. तुझ्या मजल्यावर सतरंजी घातली आहे, आमच्याकडे फरशी आहे, हेही मनात नोंदवलं. तुझ्या बोळात शिरले आणि बंद दारामागून कोणीतरी हसलं. हसून झाल्यावर शेवटी एक श्वास आत ओढला, उचकी लागल्यासारखा. तसं या जगात एकच माणूस हसतं, आणि त्या माणसाला मी जन्म दिलाय.

मी पाण्याच्या यंत्रामागे उभी राहिले. होय, मी. अकरा पस्तीस ते साडेबारा. तू तिच्याबरोबर चाळीस मिनिटं बसलीस. मग दुसऱ्या खोलीत गेलीस आणि बारा मिनिटांत बाहेर आलीस. दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यावा हे तुमच्यात नसतं का? शेवटी ती बाहेर आली. वाळली आहे. मागून जावई, तिची पिशवी हातात घेऊन. दोघं जिन्यानं उतरली, मधे चार पायऱ्यांचं अंतर ठेवून.

तर माझी लेक संसार मोडायला निघाली आहे आणि ते तुला माहीत आहे, मला नाही. आणि ती तुझ्यापाशी हसते. माझ्यासमोर ती अशी हसून किती वर्षं झाली ते मी काल गाडीत मोजत बसले होते. आकडा सांगत नाही. तुला सगळं माझ्याहून दुय्यम मिळालं, गुण, कोर्ट, बढती, तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटायचं किती मोठ्या मनाची. आता कळलं, तू वाट बघत होतीस.

काय हसत होता तुम्ही? माझ्यावर?

थोरली


८ डिसेंबर

थोरले,

कोण आलं, कोण नाही, कोण हसलं, यातल्या कशालाच मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच लिहिलं असतंस, आणि माझ्यापेक्षा कडक शब्दांत.

एक विनंती. जे दिसलं असं तुला वाटतंय, त्यावर काही करू नकोस. थोडे दिवस थांब.

धाकटी


२२ डिसेंबर

धाकटे,

थांबले नाही. जावयांच्या दवाखान्यात गेले, रुग्णाच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, बोला. त्यांनी सगळं सांगितलं. आठ महिने झाले ती वेगळी राहते, दुकानाच्या वर भाड्याच्या खोलीत. माझी पत्रं जुन्या पत्त्यावर जायची, ती जावई दवाखाना बंद करून तिच्या दुकानात नेऊन द्यायचे. आणि भांडतात कशावरून? मारहाण नाही, दुसरं कोणी नाही. जावई म्हणतात, ती काही बोलतच नाही, मनात ठेवते, आणि एक दिवस पिशवी भरून निघाली. न आवडलेलं बोलायचं तर ती कोणी पुरावाच मागेल अशी घाबरते, असं म्हणाले. कुठून शिकली कोण जाणे.

तुझ्या एवढ्या गप्पांतून काही निघालेलं नाही हे उघड आहे. म्हणून मी बसले आणि चार दिवसांत निकालपत्र लिहिलं. चौदा पानं, सात मुद्दे. विनाकारण घर सोडणं, सिद्ध. वडीलधाऱ्यांना अंधारात ठेवणं, दोघांविरुद्ध सिद्ध. निःपक्ष राहायचं म्हणून दोन मुद्दे लेकीच्या विरोधात गेले, तरी मी डगमगले नाही. आदेश असा की तीस दिवसांच्या आत दोघांनी एका घरात राहायला लागावं. एक प्रत तिला, एक त्यांना, एक तुला माहितीसाठी सोबत जोडली आहे. वाच. भाषा बरी जमली आहे.

कोणाला तरी निकाल द्यावाच लागतो, धाकटे.

थोरली


११ जानेवारी

थोरले,

वाचलं. भाषा खरंच चांगली जमली आहे.

तुझ्या प्रती पोचल्या त्याच आठवड्यात काम बंद पडलं. हे मी सांगू शकते, कारण एवढं तुला सांगा असं दोघांनी लिहून दिलंय. त्यांचं जे जुळत आलं होतं, ते तुझ्या मुद्द्यांवर भांडता भांडता सुटलं. तिनं पुढची वेळ घेतली नाही. कागद मी मध्यस्थी केंद्राच्या कार्यालयाला परत केले.

आता माझं. तू विचारलंस मी वाट बघत होते का. ती दोघं मिळून माझ्याकडे आली तेव्हा मी सांगितलं की मी तिच्या आईची मैत्रीण आहे, दुसरीकडे जा. जावई म्हणाले, म्हणूनच तुमच्याकडे आलो. दोघांनी सही करून दिली. नियमानं ते चालतं, पण मी नाही म्हणायला हवं होतं. का म्हटलं नाही ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुझी लेक तुझ्याकडे न जाता माझ्याकडे आली, याचा मला आनंद झाला. चौदा गुणांचा, वरच्या कोर्टाचा, तुझ्या निरोपाच्या दिवशी भरलेल्या त्या सभागृहाचा, सगळ्याचा एकदम हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं. मला मूल नाही. ती 'मावशी' म्हणते. त्या दिवशी चाळीस मिनिटं झाली ती सगळी कामाची नव्हती, पंचवीसच कामाची होती. उरलेला वेळ मी तिला बसवून ठेवलं होतं, हसू ऐकायला. तुझं घड्याळ बरोबर होतं.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र वाचून आधी संताप आला, मग बरं वाटलं. निदान मी एकटीच जळत नव्हते.

मी लेकीला तीन पत्रं लिहिली. पहिलं मुद्देसूद होतं, ते न उघडता परत आलं. दुसरंही. तिसऱ्यात फक्त तब्येतीचं विचारलं होतं, तेही परत. पाकिटावर तिनं स्वतःच्या अक्षरात 'परत' लिहिलंय. आठव्या वर्षी माफीपत्रात होतं तेच गोल अक्षर.

शीतगृहाचा निकाल दिला. दोन्ही वकिलांनी छान म्हटलं. घरी आले तर छान म्हटल्याचं सांगायला कोणी नव्हतं.

एक विचारायचं आहे. तुझ्याशी बोलते का ती? काय बोलते ते विचारत नाही. बोलते का, एवढंच.

थोरली


१९ फेब्रुवारी

थोरले,

बोलते. काल आली होती, कामासाठी नव्हे, मी आता तिची मध्यस्थ नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, तुला न विचारता. ही माझी आणखी एक चूक धर. पाकिटाच्या जागी आल्यावर तिनं मला पुन्हा वाचायला लावलं.

उठताना मी सवयीनं विचारून गेले, यातलं पलीकडच्या खोलीत काय नेऊ? तिनं बराच विचार केला. मग जे दिलं ते जसंच्या तसं लिहिते, माझा एक शब्द त्यात नाही.

'माशांची पेटी मी फोडली नव्हती. फ्रॉक ओला होता कारण मासे फरशीवर तडफडत होते आणि मी ते फ्रॉकच्या ओच्यात घालून बादलीकडे नेत होते. पाच मेले. दोन जगले, ते मी आमच्या गच्चीवर जुन्या टाकीत ठेवले. आईनं फ्रॉक बघितला, का ओला ते विचारलं नाही. आणि अपील कुठे करणार, घरात आईच्या वर कोर्टच नव्हतं. बाबासुद्धा तिच्यासमोरच हजर व्हायचे.'

बाबांचं वाक्य सांगताना ती हसली, शेवटी श्वास ओढून. तू २ डिसेंबरला बोळात उभी होतीस तेव्हाही ती याच वाक्याला हसत होती. हेही तुला सांगायची परवानगी तिनं दिली आहे. तुझ्यावर हसत नव्हतो. म्हणजे, थोडं तुझ्यावरच, पण तुझ्याबद्दल बोलताना ती किती वेळ बोलते हे तू ऐकायला हवं होतंस.

त्या दोघांचं काय ते ती दोघं बघताहेत. परवा तिची पिशवी त्यांनी धरली नव्हती, ती त्यांची धरून चालली होती. यातून काही सिद्ध होत नाही, तूही करू नकोस.

धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

आठ दिवस लिहू शकले नाही.

तो उन्हाळा मला आठवतोय. ती सारखी गच्चीवर असायची. पानातली अर्धी पोळी राखून ठेवायची आणि ती घेऊन वर जायची. मी विचारलं, काय आहे वर? ती म्हणाली, काही नाही. आणि मी ते मान्य करून फायली उघडल्या. दोन महिने माझ्या डोक्यावर दोन मासे पोहत होते आणि माझ्या निकालात सातही मेलेले होते. शेजारच्या मुलीचा फ्रॉक कोरडा होता, कारण ती लांब उभी राहून बघत होती. एवढं तर मला खालच्या कोर्टातल्या पहिल्या वर्षीही कळलं असतं, समोर दुसऱ्याची मुलगी असती तर. माझी होती म्हणून मी कडक झाले, आणि कडक झाल्याचंच कौतुक वाटून पुढचं विचारायला विसरले. माफीपत्राचे शब्दसुद्धा मीच सांगितले गं. तिनं नुसते लिहिले.

मंगळवारी येते. चौथ्या मजल्यावर नाही, तुझ्याकडे. तिला विचार, यायला तयार असेल तर तिनं मोठ्या खोलीत बसावं, मी लहानीत बसते. मला कितीही वेळ बसवून ठेव, घड्याळ घरी ठेवून येईन. तुला नियमानं हे करता येत नसेल तर नियमानं करू नकोस, मैत्रीण म्हणून सात पावलं चाल.

मी तुझ्यावर अजून जळते. पत्र वाचून दाखवलंस तेव्हा ती तुझ्यासमोर बसली होती, माझ्यासमोर नव्हती, यावरूनही जळते. मंगळवारी ती आधी तुझ्याकडे बघेल, तेव्हाही जळणार आहे. हे तुझ्या खोलीत राहू दे.

पलीकडच्या खोलीत एवढंच ने. तिला विचार, त्या दोन माशांचं पुढे काय झालं. सांग, आई दारापाशी बसली आहे आणि मधे बोलणार नाही.

थोरली